मोजणारा आणि ऐकणारा : भारतातील चिकित्सालयीन मानसशास्त्राची वाटचाल

मनाच्या दुखण्यावर इलाज करणाऱ्या माणसाला मराठीत नावे पुष्कळ आहेत. मनोविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मानसतज्ज्ञ, समुपदेशक. बोलताना आपण ही नावे एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. वास्तविक यांपैकी एक जण वैद्यकाचा पदवीधर असतो आणि औषध लिहून देऊ शकतो. दुसऱ्याने मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन नंतर रुग्णालयात देखरेखीखाली प्रशिक्षण घेतलेले असते. त्याला औषध देण्याचा अधिकार नसतो, पण मानसिक चाचण्या आणि मानसोपचार हे त्याचे क्षेत्र असते. तिसऱ्याने कदाचित काही आठवड्यांचा एखादा वर्ग केलेला असतो. दारावरची पाटी मात्र तिघांचीही जवळपास सारखीच. घरातला मुलगा महिनाभर झोपलेला नाही, कुणाशी बोलत नाही, अशा वेळी नेमके कोणते दार ठोठवावे हे पाटी वाचून कळत नाही.

हा गोंधळ केवळ भाषेच्या ढिलाईतून आलेला नाही, असे आम्हांस वाटते. ज्या व्यवसायाची जागा समाजाने आणि कायद्याने कधी धडपणे ठरवलीच नाही, त्याचे नावही पक्के होत नाही. या तिघांतला मधला, म्हणजे ज्याला पाठ्यपुस्तकांत 'चिकित्सालयीन मानसतज्ज्ञ' असे भारदस्त नाव आहे आणि जो बहुतेकांना त्या नावाने ठाऊकही नाही, त्याचा भारतातील इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. या इतिहासात एक सूत्र सतत दिसते. या माणसाकडे व्यवस्थेने पुन्हा पुन्हा मोजमापाचे काम सोपवले. ऐकण्याचे काम त्याने बहुतांशी स्वतःच्या हिमतीवर, कायद्याच्या आधाराविना केले.

प्रथम शब्दाच्या जन्माविषयी थोडे. १८९६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञाने एक चिकित्सालय सुरू केले. त्याच्याकडे आलेला पहिला मुलगा बुद्धीने मंद नव्हता, वेडा तर नव्हताच. त्याला शब्दांचे स्पेलिंग जमत नव्हते. पुढे १९०७ साली विटमरनेच या कामाला 'क्लिनिकल सायकॉलॉजी' हे नाव दिले. म्हणजे हा व्यवसाय मुळात वेड्यांच्या इस्पितळात जन्मला नाही. शाळेत अडखळणाऱ्या एका मुलाची अडचण समजून घेण्यातून तो जन्मला. अमेरिकेत त्याचा खरा विस्तार झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, मनाने खचून परतलेल्या हजारो सैनिकांमुळे. १९४९ साली बोल्डर येथे भरलेल्या परिषदेने या व्यावसायिकाचे शिक्षण कसे असावे, हे ठरवले. तो संशोधकही असावा आणि उपचारकही असावा, आणि त्याने डॉक्टरेटपर्यंत शिकावे, असा तो आराखडा होता. तिथे व्यवसायाने स्वतःची व्याख्या स्वतः केली. भारतात ती वेळ आलीच नाही.

आपल्याकडे मनाच्या आजारांचा सरकारी इतिहास सुरू होतो तो भिंतींपासून. १८५८ साली, उठावानंतर कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आले त्याच वर्षी, वेड्यांच्या आश्रयस्थानांविषयीचा कायदा झाला. त्यानंतर १९१२चा 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' आला. या कायद्यांची भाषा दंडाधिकारी, पोलीस, ताबा, दाखल करण्याचा हुकूम अशी आहे. माणसाला काय झाले आहे यापेक्षा त्याला कुठे ठेवावे हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. महाराष्ट्रातली नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा येथील चार मोठी मनोरुग्णालये याच काळाची देणगी आहेत. 'याला ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याला पाठवा' ही चेष्टा मराठी माणसाच्या तोंडी अजून आहे. येरवड्यात तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही आहे. चेष्टा करणाऱ्याच्या मनात नेमके कोणते असते, हे पुष्कळदा त्यालाही सांगता येणार नाही. वसाहतीच्या कायद्यालाही या दोहोंत फारसा भेद करता येत नव्हता.

रांचीला १९१८ साली युरोपियनांसाठी स्वतंत्र इस्पितळ निघाले आणि पुढच्या वर्षी ओवेन बर्कली-हिल हा लष्करी वैद्यक सेवेतला डॉक्टर त्याचा प्रमुख झाला. त्याच्या कारकिर्दीत, १९२२ साली, तिथे रुग्णांना हस्तव्यवसायातून उपचार देण्याचा विभाग सुरू झाला. त्याच सुमारास देशातल्या 'असायलम'ची नावे बदलून 'मेंटल हॉस्पिटल' अशी करण्यात आली. पाटी बदलली, भिंती तशाच राहिल्या. पण पाटी बदलण्यालाही काही अर्थ असतो. जिथे ठेवले जाते त्या जागेऐवजी जिथे बरे केले जाते ती जागा, असा दावा तरी त्यात होता. या दाव्यातच पुढे डॉक्टरखेरीज इतर माणसांची गरज निर्माण व्हायची होती.

याच काळात भिंतींच्या बाहेर, कलकत्त्यात, एक वेगळीच गोष्ट घडत होती. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकून आले होते. तोवर मानसशास्त्र हे तत्त्वज्ञानाच्या घरातले एक दालन होते. आता त्याने वेगळी चूल मांडली. या विभागात शिकायला आलेल्यांपैकी एक होते गिरींद्रशेखर बोस. ते आधीच डॉक्टर होते, वैद्यकीचा व्यवसाय करत होते. दमनाच्या संकल्पनेवरील त्यांच्या प्रबंधाला १९२१ साली विद्यापीठाने डॉक्टरेट दिली. तो त्यांनी फ्रॉइडला पाठवला आणि दोघांत पत्रव्यवहार सुरू झाला. तो पुढे दीड दशक चालला. १९२२ साली बोस यांच्या कलकत्त्यातील घरी भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना झाली.

या संस्थेच्या पहिल्या सभासदांत महाविद्यालयांतून मानसशास्त्र व तत्त्वज्ञान शिकवणारे अध्यापक होते, डॉक्टर होते आणि रांचीचा बर्कली-हिलही होता. कोण डॉक्टर आणि कोण बिगरडॉक्टर हा भेद त्या बैठकीत फारसा महत्त्वाचा नव्हता. ऐकायला शिकणे ही तिथली पात्रता होती. बोस फ्रॉइडचे अनुयायी होते, पण आज्ञाधारक नव्हते. प्रत्येक इच्छेसोबत तिची विरुद्ध इच्छाही मनात वावरते, असा स्वतःचा सिद्धांत त्यांनी मांडला आणि तो फ्रॉइडला पटला नाही तरी सोडला नाही. १९३३ साली कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आजच्या आर. जी. कर महाविद्यालयात, त्यांनी मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. १९४० साली लुंबिनी पार्क हे रुग्णालय उभे राहिले. त्यासाठी जागा दिली ती त्यांचे बंधू, बंगालीतील थोर विनोदी लेखक राजशेखर बोस यांनी. मनाचे दुखणे घेऊन माणूस साध्या दवाखान्यात यावा, बोलावा आणि घरी परत जावा, ही कल्पना भारतात अशी रुजली. मुंबईतही १९३७ साली टाटा समाजकार्य विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र काढले होते आणि पुढच्याच वर्षी जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी मनोविकार विभाग सुरू केला होता.

ऐकण्याची ही परंपरा कलकत्त्यात आकार घेत होती, तेव्हा मोजण्याची परंपरा आपल्या अगदी जवळ, धारवाडात, आकार घेत होती. फ्रान्समध्ये बिने यांनी १९०५ साली शाळकरी मुलांच्या बुद्धिमापनाची कसोटी तयार केली होती. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि तिथे कन्नड व मराठी बोलणारी मुले शेजारी शेजारी शिकत होती. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात या दोन्ही भाषांतील मुलांसाठी बिनेच्या कसोटीचे रूपांतर केले. १९४० साली हे काम ग्रंथरूपानेही आले. 'बिने-कामत' हे जोडनाव पुढे देशभर इतके रूढ झाले की, कामत हे कुणी माणूस होते याचाही विसर पडला. याच परंपरेत नंतर नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी १९६०च्या दशकात वेक्सलर यांच्या कसोटीची भारतीय मुलांसाठीची आवृत्ती सिद्ध केली. चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ साली निरक्षरांनाही देता येतील अशा कृतिकसोट्यांचा संच तयार केला.

या कामाला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परक्या देशात, परक्या भाषेत रचलेले प्रश्न आपल्या मुलांना विचारून त्यांना मंद ठरवणे हा अन्याय होता. कामत, भाटिया आणि मालिन यांनी तो दूर करण्याचा प्रयत्न केला. मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत त्याला प्रश्न विचारावा, ही साधी गोष्ट त्यांनी शास्त्राच्या पातळीवर मान्य करून घेतली. अडचण कसोट्यांत नव्हती. पुढे या कसोट्याच सबंध व्यवसायाची ओळख बनल्या, आणि ज्या मुलांवर त्यांचे मानदंड बेतले होते ती मुले आजोबा झाली तरी काही ठिकाणी तेच मानदंड वापरात राहिले, ही अडचण होती.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आखण्यासाठी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली समिती नेमली गेली. भोर नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. १९४६ साली समितीने अहवाल दिला. मानसिक आजारांविषयीचे त्यातले चित्र भीषण होते. इंग्लंडात सुमारे ३०० लोकांमागे मनोरुग्णालयातील एक खाट होती, तर भारतात सुमारे ४०,००० लोकांमागे एक. समितीने रुग्णालये सुधारण्याची, डॉक्टरांना मानसिक आरोग्याचे शिक्षण देण्याची आणि 'पूरक' कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली.

वाचकांनी या 'पूरक' शब्दावर क्षणभर थांबावे. चिकित्सालयीन मानसतज्ज्ञाचा स्वतंत्र भारताच्या आराखड्यातील प्रवेश या शब्दाच्या दारातून झाला. त्यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. मनोविकारतज्ज्ञ देशात बोटांवर मोजण्याइतके असताना त्यांच्या हाताखाली साहाय्यक असावेत, असा तो सरळ हिशेब होता. पण ज्याला व्यवसायाच्या जन्मवेळीच साहाय्यक म्हटले गेले, त्याला स्वतंत्र अस्तित्व सिद्ध करण्यासाठी पुढची कित्येक दशके खर्ची घालावी लागतात.

भोर समितीच्या शिफारशींतून १९५४ साली बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. म्हैसूर संस्थानाच्या जुन्या मनोरुग्णालयाशेजारीच ती सुरू झाली आणि त्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक झाले. पुढच्याच वर्षी तिथे वैद्यकीय मानसशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याने दोन वर्षे रुग्णालयात राहून, रुग्ण पाहून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकायचे, असे त्याचे स्वरूप होते. भारतातील चिकित्सालयीन मानसशास्त्राचा व्यवसाय म्हणून जन्म आम्ही या अभ्यासक्रमापासून धरतो. १९६२ साली रांचीलाही तसा अभ्यासक्रम निघाला. १९७४ साली बंगळूरची ती संस्था आणि ते रुग्णालय एकत्र होऊन आज सर्वांना ठाऊक असलेले 'निम्हान्स' आकाराला आले, आणि त्या दशकाच्या अखेरीस पदविकेचे रूपांतर एम.फिल.मध्ये झाले.

एम.फिल. ही इतर विषयांत डॉक्टरेटच्या आधीची संशोधनाची पायरी. चिकित्सालयीन मानसशास्त्रात मात्र तीच व्यवसायाचा परवाना ठरली. ज्याला माणसांवर उपचार करायचे आहेत त्याची परवानगी एका संशोधन पदवीच्या नावावर अवलंबून ठेवण्याची ही व्यवस्था चमत्कारिक होती. तिची किंमत पुढे मोजावी लागणार होती.

दरम्यान व्यवसायाने स्वतःची बांधणी सुरू केली होती. १९६८ साली भारतीय चिकित्सालयीन मानसतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली आणि १९७४ साली तिचे नियतकालिक निघाले. हा काळ विचारांच्या दृष्टीनेही जिवंत होता. मनोविश्लेषणाचा जोर ओसरून वर्तनोपचार भारतीय रुग्णालयांत येत होते. त्याचबरोबर पाश्चात्त्य उपचारपद्धती भारतीय माणसाला जशीच्या तशी लागू पडते का, हा प्रश्न विचारला जाऊ लागला होता. डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली उपचारक आणि रुग्ण यांच्या नात्यासाठी गुरु-चेल्याच्या नात्याचा नमुना मांडला. पश्चिमेत उपचारक रुग्णाला स्वावलंबी करण्याचे ध्येय ठेवतो आणि स्वतः तटस्थ राहतो. इथे माणूस आधार मागतच येतो, सल्ला मागतो, सोबत घरच्यांना घेऊन येतो. त्याचे हे मागणे रोगलक्षण मानायचे की नाते जोडण्याची रीत, हा नेकींच्या मांडणीमागचा प्रश्न आजही सुटलेला नाही.

मराठीपुरते बोलायचे तर याच सुमारास, १९६८ साली, कि. मो. फडके यांनी अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला आणि तो काही दशके चालवला. एलिस यांचे विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र मराठी वाचकाच्या ओळखीचे झाले ते मुख्यतः फडके यांच्या लेखनामुळे आणि वर्गांमुळे. बोस आणि फ्रॉइड यांच्या पत्रांची इथे आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्ही वेळी कोणत्याही सरकारी योजनेविना, टपालाच्या तिकिटावर, एका माणसाने एक ज्ञानशाखा आपल्या भाषेच्या प्रदेशात आणली. १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेली मानसिक आरोग्याची संस्थाही या लोकाभिमुख धारेतली. 'ठाणे' या शब्दाचा मराठीतला अर्थ थोडासा तरी बदलण्याचे श्रेय तिला द्यायला हवे.

आता आपण कायद्याकडे परत येऊ. १९१२चा ल्युनसी ॲक्ट जाऊन १९८७चा मानसिक आरोग्य कायदा आला. त्याच्या व्याख्यांच्या कलमात मनोविकारतज्ज्ञाची व्याख्या आहे. चिकित्सालयीन मानसतज्ज्ञाची नाही. बंगळूरचा अभ्यासक्रम सुरू होऊन तेव्हा तीस वर्षे लोटली होती.

त्याला कायद्यात जागा मिळाली ती १९९२ साली, आणि तीही आरोग्याच्या कायद्यात नव्हे. अपंगांच्या पुनर्वसनासाठी काम करणाऱ्यांचे शिक्षण नियंत्रित करण्याकरिता त्या वर्षी भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा झाला. पुनर्वसन व्यावसायिक कोण, याची एक यादी त्यात आहे. त्या यादीत श्रवण व वाचा उपचारतज्ज्ञांच्या पाठोपाठ आणि श्रवणयंत्रांच्या तंत्रज्ञांच्या आधी चिकित्सालयीन मानसतज्ज्ञ उभा आहे. नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद त्यात झाली. नोंदणी आली, अभ्यासक्रमांना मान्यता देण्याची पद्धत आली, शिक्षणाचा किमान दर्जा ठरला. हे सारे लाभ खरे आहेत आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु यामुळे हा व्यवसाय आरोग्य मंत्रालयाच्या छत्राखाली न राहता सामाजिक न्यायाच्या मंत्रालयाकडे गेला. नैराश्य, भयगंड, आघात, व्यसन या दुखण्यांवर काम करणाऱ्या माणसाचे कायदेशीर घर अपंगत्व हे झाले.

परिणाम व्हायचा तोच झाला. १९९५ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. त्याने सवलती दिल्या आणि सवलतींसाठी प्रमाणपत्र मागितले. २००१च्या मार्गदर्शक सूचनांनी बुद्धिगुणांकावरून अपंगत्वाची टक्केवारी ठरवून दिली. बुद्धिगुणांक ५० ते ६९ असेल तर ५० टक्के, ३५ ते ४९ असेल तर ७५ टक्के, २० ते ३४ असेल तर ९० टक्के, त्याखाली १०० टक्के. चाळीस टक्के ही लाभाची मर्यादा. सरकारी रुग्णालयातील मानसतज्ज्ञाच्या दाराशी रांग लागली ती या टक्केवारीसाठी. महाराष्ट्राने १९९६ साली अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या, देशात या बाबतीत आपले राज्य पुढे होते आणि ते योग्यच होते. विटमरच्या त्या स्पेलिंग न जमणाऱ्या मुलाला बरोबर शंभर वर्षांनी मराठी मुलुखात न्याय मिळाला, असे म्हणता येईल. पण इथेही दाराशी पालक आले ते प्रमाणपत्रासाठी. त्या कागदाने मुलाला परीक्षेत अधिक वेळ मिळतो, आईवडिलांना थोडा दिलासा मिळतो. मुलाला नेमके काय वाटते आहे, वर्गात त्याला काय म्हणून हाक मारतात, घरी त्यावरून काय चालते, हे विचारायला रांगेतल्या पुढच्या माणसाने वेळ शिल्लक ठेवलेला नसतो.

या काळात भिंतींच्या आत काय चालले होते, तेही विसरता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९९ साली ३७ सरकारी मनोरुग्णालयांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला; त्यांतील अनेकांची रचना अजून तुरुंगासारखीच असल्याचे त्यात नोंदले होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ज्यांना पळता आले नाही त्या माणसांना त्यांच्या घरच्यांनीच तिथे आणले होते. बहुतेक घरच्यांना क्रौर्य करायचे नव्हते. तालुक्याच्या गावी, चालत जाण्याच्या अंतरावर, दुखणे ऐकून घेणारे दुसरे दार असते तर त्यांतले किती जण त्या दाराशी गेले असते, हा प्रश्न आम्हांस या सबंध इतिहासातला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न वाटतो.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पुष्कळ गोष्टी बदलल्या. उपचार हा हक्क मानला गेला, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे गृहीत धरले गेले, आणि चिकित्सालयीन मानसतज्ज्ञाची व्याख्या अखेर मानसिक आरोग्याच्या कायद्यात आली. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे त्याची नोंद होण्याची सोय झाली. पण पात्रता ठरवण्यासाठी बोट दाखवले गेले ते पुनर्वसन परिषदेकडेच. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि मानसशास्त्रज्ञाला प्रथमच तशी जागा मिळाली. मात्र पुनर्वसन परिषदेखाली येणारा चिकित्सालयीन मानसतज्ज्ञ वगळून, असे त्याच्या अनुसूचीत कंसात नमूद आहे. एकाच विषयात पदवी घेतलेली माणसे दोन कायद्यांत, दोन मंत्रालयांत वाटली गेली. रुग्णाला हे कंस दिसत नाहीत.

आणि मग एम.फिल.ची किंमत मोजण्याची वेळ आली. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने ही पदवी सर्व विषयांत बंद करायचे ठरवले. इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या एम.फिल.सोबत चिकित्सालयीन मानसशास्त्राचा परवानाही त्याच कलमाच्या फटकाऱ्यात सापडला. घोटाळा ध्यानात आल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४च्या आरंभी या अभ्यासक्रमाला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. व्यवसायाचे नाव स्वतःच्या पायावर उभे न राहता दुसऱ्याच्या पदवीच्या आधाराने उभे राहिले की असे होते.

तज्ज्ञ मुळात किती होते, तेही पाहू. सरकारने २०१५ साली संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात ३,८०० मनोविकारतज्ज्ञ आणि ८९८ चिकित्सालयीन मानसतज्ज्ञ होते. सव्वाशे कोटींच्या देशात सुमारे चौदा लाखांमागे एक. निम्हान्सने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत दर दहांतील एकाहून किंचित अधिक प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि बहुतेक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. संख्या त्यानंतर वाढली असली तरी दरी तोंड वासून आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेली 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा मराठीसह अनेक भाषांत चालते, हे या दरीवरचे एक लहानसे पण खरे साकव आहे.

काही जण म्हणतील की, इतकी टंचाई असताना पात्रतेची चर्चा हवी कशाला? जो कुणी दोन शब्द आस्थेने बोलेल तो बरा. आस्थेला आमचा विरोध नाही. शेजारीण, शिक्षक, आशा सेविका यांनी ऐकायला शिकावे यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही. पण आत्महत्येच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला ओळखणे, भ्रम आणि श्रद्धा यांतला फरक करणे, आपल्या आवाक्याबाहेरचे दुखणे वेळीच दुसऱ्याकडे पाठवणे, ही कामे केवळ चांगल्या मनाने होत नाहीत. त्यासाठी दोन वर्षे कुणाच्या तरी नजरेखाली चुकावे लागते. टंचाईवरचा उपाय म्हणून दर्जा सोडला, तर ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला तज्ज्ञ मिळेल आणि उरलेल्यांना पाटी मिळेल.

हा इतिहास वाचताना आम्हांस दोन गोष्टी मागाव्याशा वाटतात. या व्यवसायाला आरोग्याच्या कायद्यात एकच, स्वतःचे घर मिळावे आणि त्याचे नाव सामान्य माणसाला पाटीवरून ओळखता यावे, ही पहिली. दुसरी भाषेविषयी आहे. कामतांनी नव्वद वर्षांपूर्वी मान्य करून घेतले की मुलाची बुद्धी मोजायची तर त्याच्याच भाषेत मोजावी. मग त्याचे दुःख ऐकायचे तर तेही त्याच भाषेत ऐकायला नको काय? या विषयाचे उच्च शिक्षण आजही प्रामुख्याने इंग्रजीत होते. जीव घाबरणे, मन न लागणे, डोक्यात किडा वळवळणे, उर भरून येणे, अंगात येणे, या प्रत्येक शब्दप्रयोगात दुखण्याचे एक वर्णन आहे आणि ते कोणत्याही कसोटीच्या पुस्तिकेत नाही. प्रशिक्षणार्थीला ते शिकवावे लागेल, त्याची नोंद करावी लागेल, त्यावर मराठीत लिहावे लागेल.

मोजण्याची गरज राहणारच; ज्या मुलाला त्या कागदामुळे शाळा सुटण्यापासून वाचवता येते, त्याच्यासाठी ती टक्केवारी मोलाची आहे. प्रश्न इतकाच की, प्रमाणपत्र हातात पडल्यावर तो मुलगा आणि त्याची आई खुर्चीवरून उठण्याआधी त्यांना आणखी काही विचारले जाणार आहे की नाही. भारतीय चिकित्सालयीन मानसशास्त्राचे पुढचे पान त्या प्रश्नावर लिहिले जाईल.